प्लिमथ की सेलम? बॉस्टनहून एकच दिवस हाताशी असेल तर

बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांचं हार्वर्ड बघून होतं आणि मग प्रश्न येतो, आता कुठे जायचं? न्यू इंग्लंडवर, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यावर, ज्यांचा ठसा आजही दिसतो त्या प्युरिटन लोकांचा, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या कर्मठ ख्रिस्ती सुधारकांचा, माग काढायचा असेल, तर दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरवर प्लिमथ आहे आणि ईशान्येला २५ किलोमीटरवर सेलम. एका दिवसात दोन्ही करू नका, धड एकही बघून होत नाही.

दोन्हीकडची माणसं एकाच मुशीतली, पण एक फरक होता. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांचे पुढारी इंग्लंडच्या चर्चपासून वेगळी चूल मांडलेले. सेलम-बॉस्टनला दहाएक वर्षांनी आलेले प्युरिटन त्याच घरात राहून घर झाडू पाहणारे.

प्लिमथचा प्रसिद्ध खडक बघून निराशा होते, हे आधीच सांगून ठेवते. खाली वाकून बघायचा एक धोंडा, त्यावर कोरलेलं १६२०. प्रवासी तिथेच उतरले ही कथा १७४१ मध्ये एका ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने सांगितली. तेव्हा खडकापाशी रेंगाळू नका. प्लिमथ पॅटक्सेट संग्रहालयात १६२७ ची वस्ती उभी केली आहे. गवताने शाकारलेली घरं, आत चुलीचा धूर आणि त्या काळच्या इंग्रजीत बोलणारी माणसं. नातवंडं तिथून हलत नाहीत. १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात का दगावले, ते त्या अंधाऱ्या खोल्यांत समजतं. शेजारी इथल्या मूळ रहिवाशांची, वाम्पानोआग लोकांची, बाजूही मांडली आहे, ती चुकवू नका. त्यांचा प्रमुख मॅसॅसॉइट याने १६२१ मध्ये या उपाशी लोकांशी तह केला. पुढे दोन्ही बाजूंत युद्ध पेटलं आणि १६७६ मध्ये त्याच्याच मुलाचं, मेटाकॉमचं, मुंडकं याच गावात खांबावर टांगलं गेलं.

सेलमला बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून अर्ध्या तासात रेल्वेने पोचता. चेटकिणींच्या टोप्या विकणारी दुकानं ओलांडून थेट जुन्या स्मशानाशेजारच्या स्मारकाकडे जा. १६९२ मध्ये इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, त्यांत बळी गेलेल्यांचं हे स्मारक. भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक. प्रत्येकावर नाव, फाशीची तारीख. जाइल्स कोरीच्या बाकावर मात्र फाशी नाही, त्याला दगडांखाली दाबून मारलं. आत शिरताना पायाखाली आरोपींची वाक्यं कोरलेली आहेत, ‘मी निर्दोष आहे’ अशा अर्थाची, आणि ती भिंतीखाली जाऊन अर्ध्यावर तुटतात. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय ठेवायलाही नको वाटलं.

१६९२ मध्ये एकोणीस जण फासावर गेले. चेटूक केल्याची कबुली देऊन ती कायम ठेवणाऱ्या एकालाही फाशी झाली नाही. म्हणजे खोटं बोलून जीव वाचत होता, आणि देवासमोर खोटं बोलणार नाही म्हणून ही माणसं मेली. मारणारे प्युरिटन, मरणारेही प्युरिटन. पाच वर्षांनी त्या खटल्यांतला एक न्यायाधीश, सॅम्युअल सीवॉल, बॉस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि स्वतःच्या दोषाची त्याने दिलेली कबुली वाचली गेली. प्युरिटन म्हणजे नुसते कर्मठ, असं मानणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

म्हणून माझं मत सरळ आहे: लहान मुलं बरोबर असतील तर प्लिमथ, मोठीच मंडळी असाल तर बेलाशक सेलम. फक्त ऑक्टोबर टाळा, हॅलोवीनच्या गर्दीत स्मारकाजवळ शांत उभंही राहता येत नाही. प्लिमथचं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, तेही बघून ठेवा.

मराठी माणसासाठी सेलमला आणखी एक थांबा आहे, टॅबरनॅकल चर्च. प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाच्या पाच तरुणांना फेब्रुवारी १८१२ मध्ये या चर्चमध्ये परदेशी धर्मप्रसाराच्या कामाची दीक्षा मिळाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले. बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यावं, हा प्युरिटनांचा जुना आग्रह; मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्येच पन्नास घरांच्या गावाला शिक्षक नेमायची सक्ती केली होती. तोच आग्रह घेऊन त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि नगरात शाळा काढल्या, छापखाना घातला आणि १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं.