आययूआय की आयव्हीएफ? आधी विचारा, कशाचे टक्के

मूल होत नाही म्हणून आययूआय किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) हे उपचार घ्यायला गेलात आणि ‘आमच्याकडे 70 टक्के सक्सेस’ असं सेंटरवाले म्हणाले, की लगेच विचारावं: कशाचे टक्के? बीटा एचसीजी (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसलेल्यांचे, की बाळ घेऊन घरी गेलेल्यांचे? आणि मोजणी इंजेक्शनं सुरू केलेल्या प्रत्येकीपासून, की गर्भाशयात गर्भ सोडण्यापर्यंत पोचलेल्यांचीच? एवढ्यावरच 70 चे 30 होऊ शकतात. दोन उपचारांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच माप हवं: हातात आलेलं बाळ.

आययूआयमध्ये बीज फुटण्याच्या सुमारास धुतलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांचं काम, भूल नाही, खर्च काही हजारांत. एका खेपेला यश साधारण शंभरात दहा-पंधरा जणींना. आकडा किरकोळ वाटतो, पण खेपांची बेरीज होते. न्यूझीलंडमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचं कारण न सापडलेल्या जोडप्यांना बीज वाढवणाऱ्या गोळ्यांसह तीन आययूआय दिल्या. 31 टक्क्यांना मूल झालं. तेवढाच काळ नुसती वाट पाहिलेल्यांत 9 टक्क्यांना.

मात्र आययूआयसाठी निदान एक गर्भनलिका (बीज गर्भाशयाकडे नेणारी नळी) उघडी हवी. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग काही लक्षण न दाखवता नळ्या बंद करून जातो. तरी ट्यूब टेस्ट, म्हणजे नळ्या उघड्या आहेत का ही तपासणी, न करताच आययूआयच्या खेपा सुरू होतात. माझ्या मते, असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं.

आयव्हीएफचं गणित वयावर चालतं. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं, लॅबमध्ये बीज-शुक्राणूंचा गर्भ तयार करणं, मग गर्भाशयात त्याचं रोपण. खर्च बहुतेक ठिकाणी लाखाच्या वर. ‘पॅकेज’मध्ये इंजेक्शनं आणि गर्भ गोठवून ठेवण्याचं भाडं धरलंय का, हे लेखी घ्या. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या आकड्यांत पस्तिशीच्या आत एका रोपणामागे साधारण तिघींतल्या एकीला मूल होतं. 43-44 व्या वर्षी स्वतःच्या बीजांवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली येतं. दात्रीचं बीज घेतलं, तर वय तिचं मोजायचं. पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज नियमित न फुटण्याचा विकार) असेल तर इंजेक्शनांनी अंडाशय जास्त फुगण्याचा धोका असतो, तो आधी बोलून घ्यावा.

आयव्हीएफमध्ये इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं, हवीच, असं सांगतात. शुक्राणू फार कमी असतील तर खरंच हवी. शुक्राणूंचा अहवाल ठीक असताना ती घेऊन बाळांचं प्रमाण वाढत नाही, हे व्हिएतनाममधल्या 2021 सालच्या चाचणीत दिसलं.

पीसीओएसमुळे बीजच फुटत नसेल, तर बहुतेकींनी आययूआय-आयव्हीएफच्या आधी लेट्रोझोल ही बीज फुटण्याची गोळी बघावी. अमेरिकेतल्या 2014 च्या चाचणीत पाच पाळ्यांपर्यंत ही गोळी घेतलेल्या 27.5 टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफेन या जुन्या गोळीवर 19.1 टक्क्यांना. गंमत म्हणजे भारतात लेट्रोझोल 2011 मध्ये या वापरासाठी बंद केली होती. 2017 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

मग कोणी काय करावं? पस्तिशीच्या आत, नळ्या उघड्या, नवऱ्याचा शुक्राणूंचा अहवाल बरा: तीन-चार आययूआय, त्यापुढे ओढू नये. दोन्ही नळ्या बंद: सरळ आयव्हीएफ. अडतिशीच्या पुढे महिन्यांनाच किंमत असते, त्यामुळे आययूआयवर वर्ष घालवणं मला पटत नाही. अशा उपचारांसाठीच्या भारतातल्या 2021 च्या कायद्याने स्त्रीसाठी 50 आणि पुरुषासाठी 55 ही वयोमर्यादा आहे, आणि सेंटर नोंदणीकृत असावं लागतं. नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगण्यात संकोच नको.

आणि बायकोच्या लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीने पोटाच्या आतून करायच्या तपासणीची) तारीख ठरण्याआधी नवऱ्याची सीमेन टेस्ट, म्हणजे वीर्यतपासणी, झालीच पाहिजे. काही शे रुपयांची तपासणी. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. एक अहवाल खराब आला म्हणून घाबरू नये, शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढ्या अंतराने पुन्हा करून घ्यावी.