हॉटलाइन मायामी: बरेच महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

कोथरूडच्या रूमवर माझा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही, नवीन गेम त्यावर चालतच नाहीत म्हणून पावसाळ्यात सेलमध्ये हा घेतला आणि अजूनही ऑफिसवरून आलो की आधी हाच चालू करतो. गेम २०१२ चा आहे, जोनातान सोडरस्ट्रोम आणि डेनिस वेडिन या दोन स्वीडिश लोकांनी बनवलेला. दिसायला जुन्या व्हिडिओ गेमसारखा, वरून दिसणारा, मोठे मोठे पिक्सेल, १९८९ चं मायामी, भडक गुलाबी-निळे रंग.

रक्त प्रचंड आहे, ते आधीच सांगतो. लहान मुलांसमोर अजिबात लावू नका. पण नुसतं रक्त बघायला इतके महिने कोण खेळेल? खरी मजा वेगळीच आहे. काम एकच, गाडीने यायचं आणि इमारतीतल्या सगळ्या गुंडांना मारायचं. इथे एका फटक्यात समोरचा मरतो आणि एका फटक्यात तुम्हीपण, आणि मेलात की कीबोर्डवरचं आर दाबायचं, लगेच परत सुरू, लोडिंग नाही काही नाही, मागचं गाणंसुद्धा थांबत नाही. त्यामुळे राग यायला वेळच मिळत नाही. मग डोकं आपोआप चालायला लागतं, म्हणजे दाराआड उभं राहायचं, गार्ड जवळ आला की दार जोरात ढकलायचं, तो आडवा, त्याची बॅट उचलायची, तीच फेकून पुढच्याला पाडायचं, आणि बंदूक मात्र शेवटी, कारण आवाज झाला की बाकीचे धावत येतात. हे सगळं तीन-चार सेकंदात जमून आलं ना की अंगावर काटा येतो, खरंच. आपला माणूस तोंडावर घालतो ते प्राण्यांचे मुखवटे बदलले की खेळायची पद्धतच बदलते. मला वाघाचा आवडतो, हातात हत्यार नसलं तरी नुसत्या बुक्क्यांनी काम होतं.

आणि मग शेवटचा माणूस पडला की ते धडधडणारं म्युझिक एकदम बंद. नुसती घरघर. आता गाडीपर्यंत त्याच खोल्यांमधून चालत परत जायचं, आपणच पाडलेल्या सगळ्यांच्या मधून. पहिल्यांदा मला कसंतरीच झालं होतं. अजूनही तिथे मी घाईघाईने चालतो. इतकी हिंसा दाखवून वर ती अशी बघायला लावणारा गेम मी तरी दुसरा खेळलेलो नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

हॉस्पिटलवाला भाग मात्र कंटाळवाणा, लपतछपत हळूहळू चालायचं, सगळा वेगच मरतो. कंट्रोलरपेक्षा माऊसवरच खेळा, नेम नीट लागतो, आणि शिफ्ट दाबून पुढचं बघायची सवय लावून घ्या. २०१५ चा दुसरा भागपण आहे, पण त्यातले मॅप इतके मोठे की स्क्रीनच्या बाहेरून गोळी येते आणि कोणी मारलं तेच कळत नाही, म्हणून सुरुवात पहिल्यापासूनच करा.