ऑटो-कॉन्टूरिंग सॉफ्टवेअर दीड वर्ष वापरलं: घ्या, पण ऑपरेशनची नोट शेजारी उघडी ठेवून

आमच्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन प्लॅनिंगसाठी ऑटो-कॉन्टूरिंगचं, म्हणजे सीटीवर अवयवांच्या रेघा आपोआप काढणारं, सॉफ्टवेअर येऊन आता दीड वर्ष झालं. गेल्या महिनाभरात ओळखीच्या तीन फिजिसिस्टचे फोन आले, "आमच्याकडे घ्यायचं चाललंय, कसं आहे गं, खरं सांग", म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच टाकते. मी सतरा वर्षं प्लॅनिंग करतेय, त्यातली सात सिनियर म्हणून, म्हणजे प्लॅन मशीनवर जायच्या आधी माझी सही लागते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण रोज वापरलंय ते एकच, बाकी दोघांचे नुसते डेमो बघितलेत, मग एकाचंच नाव घेऊन बोलणं बरोबर वाटत नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पेशंट ज्याला लाईट किंवा शेक म्हणतात ते सुरू करायच्या आधी सीटी काढतात, तोंड-मानेचा पेशंट असेल तर तोंडावर जाळीचा मास्क बसवून. तोंडाच्या कॅन्सरला डोक्यापासून छातीपर्यंत ३ मिलिमीटरचे स्लाइस घेतले की साधारण सव्वाशे स्लाइस होतात. त्यावर कॅन्सरची जागा डॉक्टर काढतात, आणि जे अवयव वाचवायचेत ते, म्हणजे मज्जारज्जू, ब्रेनस्टेम, डोळे, लेन्स, लाळेच्या ग्रंथी, जबडा, स्वरयंत्र, हे सगळे स्लाइसमागून स्लाइस माउसने रेघ ओढत काढायचे. हे कॉन्टूरिंग. मग आम्ही कॉम्प्युटरला सांगतो की कॅन्सरच्या जागेला ३० फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे ३० वेळा मिळून, ६० ग्रे (ग्रे हे डोसचं माप) जाऊ दे, मज्जारज्जूला कुठेही ४५ च्या वर नको, कानाजवळच्या लाळग्रंथीची, म्हणजे पॅरोटिडची, सरासरी २६ च्या खाली ठेव. कॉम्प्युटरला पेशंट दिसत नाही, त्याला फक्त या रेघा दिसतात. रेघ चुकली तर पुढचं सगळं चुकतं आणि डोसचा ग्राफ बघून ते कळत पण नाही, ग्राफ छानच येतो.

हे काम हाताने करायला एका तोंडाच्या पेशंटला दोन ते अडीच तास जायचे, आणि ते पण ज्याचा हात बसलाय त्याचे. आता सीटी सिस्टीममध्ये आला की चार-पाच मिनिटांत पंचवीसेक अवयव काढून तयार. पहिल्या दिवशी आम्ही सगळे स्क्रीनभोवती उभे होतो आणि खरंच कुणी काही बोललं नाही, कारण इतकी वर्षं रात्री आठपर्यंत बसून जे काढलं ते समोर आपोआप येत होतं. पण चार मिनिटं हा आकडा सेल्सवाल्याचा. मी पहिले दोन महिने रोज डायरीत लिहून ठेवलं, तपासणं आणि दुरुस्ती धरून तोंडाच्या पेशंटला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, छातीच्या पेशंटला दहा-पंधरा. तरीही हे खूप आहे. आमच्याकडे बरेच पेशंट ऑपरेशन होऊन येतात आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं असं असतं, त्यात जखम भरेपर्यंत, योजनेची मंजुरी येईपर्यंत चार-पाच आठवडे गेलेलेच असतात, माणूस गावाहून येऊन धर्मशाळेत थांबलेला असतो आणि आमच्या टेबलावर प्लॅन अडकला म्हणून त्याचे अजून तीन दिवस जातात हे बघवत नाही. आता ते दिवस कमी झालेत. एवढ्यासाठी तरी मी या सॉफ्टवेअरला मनापासून चांगलं म्हणेन.

काय चांगलं काढतं ते आधी सांगते. फुफ्फुसं, हार्ट, किडनी, डोळे, मूत्राशय, खुब्याच्या हाडाचे गोळे, यात जवळजवळ हात लावावा लागत नाही. डाव्या स्तनाच्या पेशंटला श्वास रोखून सीटी करतो त्यात पण हार्ट छान येतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे सातत्य. पूर्वी आमच्यात तिघं कॉन्टूर करायचे आणि तिघांचं पॅरोटिड वेगळं, एकजण मागचा भाग सोडायचा, एकजण शेजारची शीर पण आत घ्यायचा, मग सरासरी डोस कशाची तुलना कशाशी करायची. आता सुरुवात तरी सगळ्यांची एकसारखी असते. नावं पण एका ठरलेल्या पद्धतीने येतात, त्यामुळे प्लॅनचे टेम्प्लेट लगेच लागतात, पूर्वी कुणी लेफ्ट पॅरोटिड लिहायचं कुणी एलटी पॅरोटिड आणि टेम्प्लेट अडायचं.

आता जिथे चुकतं ते, आणि हे मी जरा लांब लिहिणार आहे कारण हे वाचण्यासाठीच तुम्ही आला असाल.

सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, वीस-पंचवीस वर्षं मिश्री लावायच्या. डाव्या गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, डाव्या बाजूचा जबडा काढलेला, छातीचा स्नायू फिरवून गालात लावलेला, मानेतल्या गाठी काढलेल्या. मास्क करायला आल्या तेव्हा तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. मला म्हणाल्या, "ताई, एवढं लाईट झालं की भाकरी गिळंल का मला?" हा प्रश्न आमच्याकडे रोज कुणीतरी विचारतं आणि त्याचं उत्तर खरंच आमच्या रेघांत असतं, कारण लाळ नसेल तर भाकरीचा घास घशाखाली जात नाही, पाण्याचा तांब्या घेऊन बसावं लागतं. जेवताना जी लाळ सुटते ती मुख्यतः पॅरोटिडची, आणि एरवी दिवसभर तोंड ओलं राहतं ते जबड्याखालच्या सबमँडिब्युलर ग्रंथींमुळे.

सॉफ्टवेअरने मावशींचे सगळे अवयव काढून दिले. दोन्ही पॅरोटिड, दोन्ही सबमँडिब्युलर. आमच्या ज्युनियरने भराभर वरखाली स्क्रोल केलं, आकार ठीक दिसले, प्लॅनला लावलं, आणि लाळ वाचवायची म्हणून दोन्ही सबमँडिब्युलरवर डोस कमी करायची अट पण टाकली, भावना चांगलीच होती त्याची. माझ्याकडे तपासायला आलं तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं ते हे की डाव्या बाजूला डोसचा रंग एका ठिकाणी आत दबलेला, लाडू बोटाने दाबल्यावर जसा खड्डा पडतो तसा. तिथे रेघ बघितली तर डावी सबमँडिब्युलर, गोल, व्यवस्थित. मग फाइलमधली ऑपरेशनची नोट काढली. मानेच्या गाठी काढताना लेव्हल एक बी, म्हणजे जबड्याखालचा गाठींचा भाग, काढलेली, आणि त्यात ही ग्रंथी जातेच. म्हणजे जी ग्रंथी मावशींच्या मानेत आता नाहीच ती सॉफ्टवेअरने फिरवलेल्या स्नायूच्या एका घडीवर काढून दिली होती, आणि आम्ही त्या नसलेल्या ग्रंथीला वाचवायला म्हणून जिथे कॅन्सर होता नेमका त्याच जागेचा डोस कमी करत होतो.

तो प्लॅन मशीनवर गेला नाही. रेघ पुसली, प्लॅन पुन्हा केला, खड्डा भरला, उजव्या बाजूच्या ग्रंथी नीट वाचवल्या. पण त्या संध्याकाळी मी आणि आमच्या डॉक्टरांनी आधीच्या सगळ्या ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या फाइली पुन्हा उघडल्या, एकेक नोट वाचली, रात्री साडेदहा वाजले. असं दुसरं सापडलं नाही, पण प्रत्येक फाइल उघडताना पोटात गोळा येत होता.

याचं कारण समजून घ्या. हे सॉफ्टवेअर शिकतं ते आधी काढलेल्या रेघांवरून. मानेच्या सीटीत या जागी या आकाराचं काहीतरी असतं एवढं त्याला माहीत, या माणसाचं काय काढून टाकलंय ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि सांगायची सोय पण नाही. तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे आपल्याकडे गालाचा आणि जिभेचा कॅन्सर प्रचंड, आणि त्यातले बरेच ऑपरेशन होऊनच रेडिएशनला येतात. म्हणजे ज्या प्रकारचा पेशंट आपल्याकडे सगळ्यात जास्त, तिथेच हे सगळ्यात कच्चं. मी कंपनीच्या माणसाला विचारलं की किती ऑपरेशन झालेल्या मानांवर शिकवलंय, उत्तर मेलवर कळवतो म्हणाले, अजून आलेलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दातात धातूचं सिमेंट किंवा जबड्यात प्लेट असली की सीटीत पांढरे पट्टे उमटतात, तिथे जीभ आणि जबडा वाट्टेल तसे येतात. ऑप्टिक कायझम, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूखाली जिथे भेटतात ती जागा, सीटीवर दिसतच नाही नीट, तो एमआरआय जोडून हातानेच काढा, सॉफ्टवेअरचा वापरू नका. फुफ्फुस दबून बसलं असेल तर तो भाग ते फुफ्फुसात धरत नाही. रेक्टम (मलाशय) वर कुठे संपतं हे दर पेशंटला वेगळं ठरवतं, आतड्याची पिशवी, म्हणजे आतडी जिथे हलू शकतात ती सगळी जागा, तर मी पूर्ण पुसूनच काढते. गर्भाशयमुखाच्या ब्रेकीथेरपीला, म्हणजे आतून देण्याच्या रेडिएशनला, आत ॲप्लिकेटर (नळ्या) असतो, त्या सीटीवर आमच्याकडे एकदाही धड आलं नाही, तिथे आम्ही बंदच केलंय.

आणि सुटे ठिपके. हे फार छळतं. मज्जारज्जूची रेघ सगळीकडे बरोबर, पण कुठेतरी लांब एखाद्या स्लाइसवर दोन पिक्सेलचा ठिपका पडलेला असतो. एकदा मज्जारज्जूचा कमाल डोस ५२ दाखवत होता, ज्युनियर तीन तास प्लॅनशी झगडत बसला, शेवटी कळलं ठिपका कॅन्सरच्या जागेत पडलाय आणि मज्जारज्जू बिचारा ४१ वरच आहे. लहान तुकडे पुसायचं बटण असतं, ते पहिल्यांदा दाबा, मगच पुढे जा.

घ्यायच्या आधी काय विचारायचं ते पण सांगते. एक, सर्व्हर हॉस्पिटलमध्येच बसणार का क्लाउडवर. आमच्याकडे पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस जातं म्हणून आम्ही आतलाच घेतला, शिवाय पेशंटचा डेटा बाहेर जायचा प्रश्न उरत नाही. क्लाउड असेल तर नाव-नंबर काढून पाठवतात का ते लेखी घ्या. दोन, सीडीएससीओचा, म्हणजे केंद्राच्या औषध-उपकरण नियंत्रण संस्थेचा, कागद मागा, सॉफ्टवेअर पण मेडिकल डिव्हाइसमध्येच येतं. तीन, पैसे वर्षाचे का पेशंटमागे. ज्यांच्याकडे रोज दोन-तीनच नवीन पेशंट त्यांना पेशंटमागे परवडेल, मोठ्या सेंटरने वर्षाचंच घ्यावं. चार, नवीन व्हर्जन आलं की ते सांगून टाकतात का गुपचूप. आमच्याकडे एका अपडेटनंतर स्वरयंत्राचा आकारच बदलला आणि ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. आता प्रत्येक अपडेटनंतर ठरलेले दहा जुने पेशंट पुन्हा चालवून आम्ही जुन्याशी ताडून बघतो, मगच सुरू करतो.

सगळ्यात महत्त्वाचं, डेमोला ते त्यांचा पेशंट आणतात, तरणाताठा, दात स्वच्छ, ऑपरेशन नाही, मान सरळ. तो बघू नका. आपले पाच पेशंट, नावं काढून, पेन ड्राइव्हवर द्या, त्यातले तीन ऑपरेशन झालेले असू देत, आणि समोर बसून चालवायला लावा. आम्ही हे केलं नव्हतं.

एक काळजी मला अजून आहे ती नवीन मुलांची. आमचा हात बसला तो हजारो स्लाइसवर रेघा ओढून. पॅरोटिडचा आतला भाग कुठे संपतो हे वाचून कळत नाही, चुकीचं काढून, डॉक्टरांचं ऐकून, पुन्हा काढून कळतं. जो मुलगा पहिल्या दिवसापासून तयार रेघा बघतोय त्याला त्यातली चूक दिसणार कशी? म्हणून आमच्याकडे आता नियम केलाय, नवीन येणाऱ्याने पहिले वीस पेशंट पूर्ण हाताने काढायचे, सॉफ्टवेअर बंद. वर मी प्रत्येक मॉनिटरला कागद चिकटवलाय: ऑपरेशन झालंय का, काय काढलंय, नोट वाचली का, वाचणाऱ्याची सही. सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झाली.

पाचपैकी मी साडेतीन देते. छाती आणि ओटीपोटाच्या बाहेरून देण्याच्या रेडिएशनला साडेचार, ऑपरेशन झालेल्या तोंडाच्या पेशंटला अडीच.

मावशी परवा तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आल्या होत्या. भाकरी अजून दुधात कुस्करून खातात, पण उजव्या बाजूने लाळ सुटते म्हणाल्या, रात्री पाण्यासाठी उठावं लागत नाही. पुढच्या वर्षाच्या लायसन्सच्या कागदावर मी सही केलीये, सोबत कंपनीला एक मागणी लेखी जोडलीये की कॉन्टूर सुरू करायच्या आधी "हा अवयव काढलेला आहे" अशी खूण करायची जागा स्क्रीनवर द्या. तुमच्याकडे कुठलंही सॉफ्टवेअर असू दे, तुम्ही पण हीच मागणी लिहून पाठवा, जितक्या जास्त ठिकाणांहून जाईल तितकं लवकर होईल.