वजन उतरलं, फॅट चढलं? चरबी दाखवणारा काटा सहा महिने वापरल्यावर

वर काच, चार धातूच्या पट्ट्या, मोबाइलशी ब्लूटूथने जोडणी आणि ॲपमध्ये डझनभर आकडे, असा हा नेहमीचा घरगुती काटा. सहा महिने रोज सकाळी वापरल्यानंतरचं मत आधीच सांगून टाकतो. वजनासाठी उत्तम, फॅट कुठल्या दिशेने चाललंय ते कळायला बरा, पण आजचं फॅट किती या प्रश्नाला अगदीच बेभरवशाचा. हे शेवटचं न कळल्यामुळे बरेच काटे दोन महिन्यांत पलंगाखाली जातात, म्हणून लिहायचं ते मुख्यतः त्याबद्दलच.

हा काटा चरबी मोजतच नाही. दोन पट्ट्यांतून एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह, बहुधा ५० किलोहर्ट्झचा, एका पायातून वर चढतो आणि ओटीपोटातून दुसऱ्या पायात उतरतो. त्याला वाटेत किती अडथळा झाला ते उरलेल्या दोन पट्ट्या टिपतात. स्नायूंमध्ये पाणी आणि क्षार भरपूर, म्हणून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, म्हणून अडते. या अडथळ्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज बांधला जातो. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या भागाचं वजन काढतात, ते एकूण वजनातून वजा करतात आणि उरेल ती चरबी. अंदाजावर रचलेला अंदाज! त्यातही विजेची फेरी फक्त पायांतून झालेली. पोट, छाती आणि हातांचा हिशोब उंची, वय आणि लिंग घालून सूत्र करतं. हातापायांनी किरकोळ पण पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. नेमकं तिथेच असं सूत्र जास्त चुकू शकतं.

खात्री करायची असेल तर ॲपमध्ये दुसरं प्रोफाइल उघडा, बाकी सगळं तेच ठेवून फक्त लिंग बदला आणि लगेच पुन्हा उभे राहा. शरीर तेच, अडथळा तोच, पण फॅटचा आकडा काही टक्क्यांनी उडी मारतो. ‘ॲथलीट मोड’चंही (भरपूर व्यायाम करणाऱ्यांसाठीचं वेगळं सूत्र) तसंच, चालू केला की आकडा खाली. एकदा ठरवलेलं सेटिंग मध्येच बदललं तर आधीच्या नोंदी तुलनेतून बाद समजा.

आता आकडा कशाने हलतो ते. आंघोळीनंतर ओल्या पायांनी उभं राहिलं की अडथळा घटतो आणि फॅट कमी दिसतं. टाचांना भेगा किंवा घट्टे असतील तर उलट, जास्त दिसतं. हिवाळ्यात हे विशेष जाणवतं. व्यायामानंतर लगेच मोजलं तर त्वचा गरम आणि रक्तप्रवाह वाढलेला, म्हणून पुन्हा कमी. दिवसभर उभं राहून पाण्याचा भार पायांकडे उतरतो, त्यामुळे संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा सहसा कमी येतो. दिवाळीत चकली-चिवड्याच्या मिठाने अंगात पाणी धरलं की वजन चढतं आणि फॅटची टक्केवारी मात्र उतरलेली दिसू शकते. फराळाने चरबी घटते असा शोध कुणी जाहीर करण्याआधी हे ध्यानात असू द्या.

म्हणून पद्धत एकच धरायची: सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी. टाचा मागच्या पट्ट्यांवर नीट टेकलेल्या हव्यात. मांड्या एकमेकींना चिकटत असतील तर मध्ये कोरडं कापड हवं, नाहीतर वीज मधूनच जवळची वाट धरते. काटा सतरंजीवर नको. फरशीवरही चारही पाय एकाच लादीवर असू द्या, सांध्यावर नकोत. जागेवरून हलवल्यावर एकदा पायाने दाबून शून्य येऊ द्यावं आणि मगच चढावं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी गोष्ट. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं आणि ॲप म्हणतं, फॅट वाढलं. काटा बिघडलेला नसतो. भात-पोळी कमी केली की स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी जातं. समजा वजन ८० किलो आणि फॅट २८ टक्के, म्हणजे २२.४ किलो चरबी. आठवड्यात २ किलो गेले, त्यात चरबी फक्त ४०० ग्रॅम. आता ७८ किलोत २२ किलो चरबी, म्हणजे २८.२ टक्के. चरबी घटली, टक्केवारी वाढली, आणि दोन्ही खरं. त्यात पाणी कमी झाल्याने अडथळा वाढतो, त्यामुळे काटा आणखी थोडी भर घालतो ती वेगळीच.

उपाय सोपा आहे: टक्के बघू नका, किलो काढा. वजन गुणिले टक्के, भागिले शंभर. हेच ८० किलोचं उदाहरण पुढे नेऊ. तीन महिन्यांनी ७४ किलो आणि २५ टक्के झाले, तर चरबी १८.५ किलो. गेलेल्या ६ किलोंत ३.९ चरबीचे आणि २.१ पाणी-स्नायूंचे. दुसऱ्या कुणाचं वजन ८० वरून ७५ वरच आलं, पण फॅट २४ टक्के असेल तर चरबी १८ किलो, म्हणजे ५ किलोंपैकी ४.४ चरबीचे गेले. काट्यावर पहिला पुढे दिसतो, काम दुसऱ्याचं चांगलं झालंय. पहिल्यासारखे आकडे सलग येत असतील तर उपासमार जास्त, प्रथिनं कमी आणि वजनं उचलणं शून्य, असं बहुधा असतं. लक्ष्यही असंच काढावं. ८० मधून २२.४ किलो चरबी वजा करून उरलेले ५७.६ किलो शाबूत ठेवून २० टक्क्यांवर यायचं तर ५७.६ भागिले ०.८, म्हणजे ७२ किलो.

रोजच्या आकड्यावर जीव टाकण्यात अर्थ का नाही, तेही याच हिशोबातून कळतं. आठवड्यात अर्धा किलो निव्वळ चरबी गेली तरी २८ टक्के २७.५५ होतात, म्हणजे जेमतेम अर्ध्या टक्क्याची घट. काट्याची रोजची चढउतार सहज एक-दोन टक्क्यांची. खरी घट त्या गोंगाटात बुडते. चौदा दिवसांची सरासरी काढून ती पुढच्या चौदा दिवसांशी ताडून बघावी. पाळी येणाऱ्या बायकांनी गेल्या पाळीचक्रातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी, कारण पाळीआधी अंगात पाणी धरतं.

सोबत टेप हवाच. टेपच्या मापांवरून फॅटचे टक्के काढणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या सूत्रात पुरुषांसाठी उंची, बेंबीच्या पातळीवरचं पोट आणि कंठाखालची मान एवढंच लागतं. बायकांना नितंबाचा घेरही. १७० सेंटिमीटर उंची, ९४ पोट आणि ३८ मान यांचं उत्तर २४.३ टक्के येतं. पोट ९२ मोजलं तर २२.९. टेप दोन सेंटिमीटर सरकला की जवळपास दीड टक्का गेला! म्हणून श्वास सोडून, पोट आत न ओढता तीनदा मोजून मधलं माप घ्यावं. कातडीची घडी पकडून चरबी मापायच्या चिमट्यावर हात बसायला वेळ लागतो आणि मोजणारा दरवेळी तोच हवा. घरात ते जमत नाही.

खरा आकडा हवाच असेल तर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं, चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारी क्ष-किरण तपासणी. केंद्रावर ‘पूर्ण शरीराची बॉडी कंपोझिशन’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर कमर आणि खुब्याच्या हाडांचा अहवाल हातात येतो. सुरुवातीला एकदा आणि पाच-सहा महिन्यांनी एकदा, त्याच यंत्रावर, पुरे.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) असताना ही उठाठेव कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, पण याज्ञिकांची चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. भारतीयांसाठी बीएमआयची रेषा २३ ला आणि कमरेची पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरला ओढतात, ती अशा अंगकाठीमुळेच.

ॲपमधले हाडांचं वजन, ‘मेटाबॉलिक वय’ आणि प्रथिनांची टक्केवारी सरळ दुर्लक्षून टाका. त्याच एका अडथळ्यातून ते सगळे सूत्राने काढलेले असतात. ‘व्हिसरल फॅट’च्या, म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीच्या, अंकापेक्षा कमरेचा टेप जास्त खरं बोलतो.

घेताना हातात धरायच्या दांड्याचा, आठ पट्ट्यांचा काटा परवडत असेल तर तो घ्या, वीज निदान हात आणि धडातूनही फिरते. स्वस्त काट्यांची एक खोड तपासून घ्या. वजनात थोडाच फरक असेल तर काही काटे नवं न मोजता आधीचाच आकडा दाखवतात. एकदा मोजा, उतरा, एक ग्लास पाणी पिऊन पुन्हा चढा. तोच आकडा आला तर लिटरची भरलेली बाटली हातात धरून चढा. बाटलीचा किलो दिसला आणि ग्लासाचे २०० ग्रॅम दिसले नाहीत, तर काटा मागचंच आठवून सांगतोय. घरात दोघांचं वजन जवळपास सारखं असेल तर नोंद हमखास दुसऱ्याच्या खात्यात जाते, ती हाताने दुरुस्त करावी लागते. आणि पेसमेकर बसवलेल्यांनी किंवा गरोदर बायकांनी यावर फॅट मोजू नये. काट्यात फक्त वजनाचा मोड असेल तर तेवढाच वापरावा.