सिडनीतला टिबी कॉटर वॉक: गाइड भारी, पण बोलिंग कुठाय?

तीन स्टार देतोय, आणि ते पण गाइडसाठी. भाच्याकडे सिडनीला आलोय, एका छोट्या ऑपरेटरचा दोन तासांचा पायी टूर बुक केला, विषय टिबी कॉटर. आपल्याकडे हे नाव कुणाला विचारलं तर बघतच बसतील. 1904 ते 1912 ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात फास्ट बोलर, 21 टेस्ट, 89 विकेट, स्टंप मोडायचा म्हणून फेमस.

सुरुवात मूर पार्कला. तिथून अँझॅक परेड रस्त्यावरून जो पादचारी पूल जातो त्याला कॉटरचंच नाव आहे, 2015 ला झाला, खर्च 38 मिलियन डॉलर, आकडा ऐकून बायको म्हणाली एवढ्यात आपल्याकडे काय काय झालं असतं. पुलावर गाइडनी खिशातून संत्रं काढलं आणि कॉटरची ॲक्शन करून दाखवली, हात सरळ वर न नेता बाजूनी, गोफण फिरवावी तसा, म्हणजे थोडाफार मलिंगा समजा, तेवढ्यात मागून सायकलवाल्यानी घंटी मारली आणि संत्रं गेलं घरंगळत. टूरमधला बेस्ट सीन हाच.

पण पुढचा जवळजवळ तासभर नुसतं पहिलं महायुद्ध. मान्य आहे, गोष्टच तशी आहे, 1915 ला भरती झाला, 12वी लाइट हॉर्स रेजिमेंट (म्हणजे घोडेस्वारांची तुकडी), जखमींना स्ट्रेचरवरून उचलून आणायचं काम, आणि 31 ऑक्टोबर 1917 ला बीरशेबाच्या (आताच्या इस्रायलमधलं) लढाईत गेला, वय 33. भाऊ त्याच महिन्यात बेल्जियममध्ये गेला होता. ऐकताना सगळे गप्प झाले, मीपण. तरी पैसे मी बोलरसाठी भरलेत हो.

मेलबर्नला 1904 मध्ये इंग्लंड 61 ला ऑलआउट, कॉटर 40 रनात 6, आणि ही त्याची फक्त दुसरी टेस्ट! याला एक वाक्य. 1909 ला लीड्सला इंग्लंड 87 ला गुंडाळलं त्यात याच्या 5, ते तर नाहीच. 1912 चं भांडण, ज्यात क्रिकेट बोर्डाशी टूरच्या मॅनेजरच्या निवडीवरून वाजलं आणि ट्रंपर, हिल, आर्मस्ट्राँग वगैरे सहा जणांनी इंग्लंड टूरला नाही म्हटलं त्यात हा एक होता आणि तिथेच टेस्ट करिअर संपलं, ते मी विचारल्यावर सांगितलं.

आणि खरी चिडचिड शेवटी. पूल उतरलं की समोर एससीजी, म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंड, तिकिटात आत जाणं धरलेलं नाही (बुकिंग पेजवर हे बारीक अक्षरात आहे, नीट बघा), म्हणून बाहेरच उभे. याच ग्राउंडवर डिसेंबर 1907 ला इंग्लंडविरुद्ध जिंकायला 274 हवे होते, 219 ला 8 गेले, आणि कॉटर आणि हेझलिटनी नाबाद 56 जोडून मॅच काढली, कॉटर नाबाद 33, पहिल्या इनिंगमध्ये 6 विकेट घेतल्या होत्या त्या वेगळ्याच. गाइड यावर चकार शब्द नाही! शेवटी मीच सांगायला लागलो, बायकोनी कोपर मारलं तरी थांबलो नाही. गाइडनी मात्र वहीत लिहून घेतलं, त्याचा एक स्टार.

सकाळचा स्लॉट घ्या, दुपारी पुलावर डोकं तापतं.