रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू : दीड वर्षाच्या घरगुती वापरानंतर

ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू’ हा ६५ बाय ३० मिलिमीटरचा, काडेपेटीहून जरासाच लांब असलेला संगणक गेले दीड वर्ष सदाशिव पेठेतील आमच्या घरी अहोरात्र चालू आहे. त्यात १ गिगाहर्ट्‌झचा चार कोअरचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम आहे. प्रोसेसरच्या आकड्यावर भुलून कोणी तो टीव्हीला जोडून इंटरनेट पाहायला बसेल, तर रॅम लगेच अपुरी पडून त्याची निराशाच होईल. पडदा आणि कीबोर्ड न जोडता कोपऱ्यात मुकाट्याने चालणारी कामे त्याला द्यावीत. त्यांत तो तरबेज आहे.

जाहीर झालेली मूळ किंमत १५ डॉलर असली, तरी मेमरी कार्ड, चार्जर, डबी आणि पडद्यासाठीची मिनी एचडीएमआय जोडणी धरता खर्च सहज दुप्पट होतो. वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचे आहे, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

पहिले काम मी जाहिराती अडवणाऱ्या ‘पाय-होल’ या प्रोग्रॅमचे दिले. घरातील सर्व फोन आणि टीव्ही संकेतस्थळांचे पत्ते या संगणकाला विचारतात आणि जाहिरातदारांचे पत्ते तो देतच नाही, त्यामुळे बातम्यांची पाने वाचण्याजोगी झाली. यूट्यूबच्या जाहिराती मात्र व्हिडिओ जेथून येतात तेथूनच येत असल्याने त्या या मार्गाने थांबत नाहीत.

दुसरे काम गच्चीवरील टाकीची पातळी मोजण्याचे, आणि माझा खरा जीव यात रमला. पाणी ठरावीक वेळेलाच येत असल्याने टाकी किती भरली हे पाहण्यासाठी कोणीतरी शिडी चढत असे. झाकणाखाली ध्वनिलहरींवर चालणारा पाणीरोधक सेन्सर बसवला. लहर पाण्यावर आपटून परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर निघते, दर सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद. सेन्सर ५ व्होल्टचा संदेश परत पाठवतो आणि या संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत, म्हणून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून १ आणि २ किलोओहमचे रोध आणून विजेचा दाब उतरवावा लागला. काही रुपयांचा हा जोड टाळला तर पिन, आणि कदाचित सगळा संगणकच, जळू शकतो. शिवाय पाणी सेन्सरपासून २०-२५ सेंटिमीटरच्या आत आले की मोजमाप बिघडते, म्हणून सेन्सर झाकणाहून उंच नळीत चढवला.

एवढे करूनही एप्रिलमध्ये थेंबभर पाणी न येता दुपारी टाकी भरू लागली! कारण साधे होते: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर जाणारा आवाज ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर जातो, लहर लवकर परतते, अंतर कमी भासते आणि मीटरभर खाली असलेले पाणी साडेतीन सेंटिमीटर वर दिसते. टाकीत तापमानाचा एक स्वस्त सेन्सर सोडून गणितात दुरुस्ती केली, तेव्हा हे फुकटचे पाणी आटले.

या संगणकाचे सगळ्यात मोठे दुखणे म्हणजे वीज जाणे. मधेच वीज गेली की कार्डावरील लेखन अर्धवट राहू शकते, आणि माझे एक स्वस्तातले कार्ड असेच गेले. त्या दिवशी पाय-होल बंद पडल्याने घरातले सगळे इंटरनेटच ठप्प झाले आणि सौ.नी माझ्या छंदाविषयी जे मत मांडले, ते येथे देत नाही. आता कार्ड केवळ वाचण्यापुरते राहील अशी व्यवस्था चालू केली असून नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवतो. जुन्या फोनचा चार्जर वापरण्याची काटकसरही अंगाशी आली. दाब कमी पडून संगणक वारंवार बंद पडे, ते बंद पडणे २.५ अँपिअरचा चार्जर लावल्यावर थांबले. आत स्वतंत्र बॅटरीवरचे घड्याळ नसल्याने, वीज आल्यावर राउटर सुरू होऊन इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत संगणक जुनीच वेळ धरून बसतो. म्हणून घड्याळ जुळेपर्यंत टाकीची नोंद घ्यायची नाही, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आहे.

ज्यांना फक्त टाकी मोजायची आहे, त्यांनी हा घेऊच नये. त्याहून स्वस्त ‘ईएसपी-३२’ हा वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक त्या कामास पुरेसा आहे आणि वीज गेल्याने कार्ड बिघडण्याचा प्रश्नही तेथे उद्भवत नाही. जाहिराती अडवणे, नोंदी ठेवणे आणि फोनवर आलेख दाखवणे अशी तीन-चार कामे एकत्र करायची असतील, तरच याचे पैसे वसूल होतात. घेताना पिना बसवलेला प्रकार मागावा, कारण चाळीस पिनांना हाताने डाख देण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि त्यातल्या दोन पिना आजही एकमेकींना चिकटलेल्या आहेत.