सीएच्या ऑफिससाठी व्हीपीएन राउटर: ईआर६०५, मायक्रोटिक हेक्स की फोर्टिगेट ४०एफ?

बारा-पंधरा माणसांचं सीएचं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. मुख्य ऑफिस नाशिकला, दोन टेबलांची शाखा सिन्नरला, टॅली एका सर्व्हरवर, आणि ऑडिटच्या सीझनमध्ये निम्मे आर्टिकल (सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारी मुलं) घरून काम करणार. घरच्या माणसाला आणि शाखेला इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत आणणारा बंदिस्त बोगदा म्हणजे व्हीपीएन, आणि तो बांधणारा राउटर निवडायचा आहे. वकिलांचं, आर्किटेक्टचं किंवा छोट्या ट्रेडिंग फर्मचं ऑफिस असलं तरी हिशेब फारसा बदलत नाही.

अशा ऑफिसांत आज बहुधा फायबरवाल्याने बसवलेला डबा असतो, त्यात कुणीतरी ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं आत येण्याचं दार) उघडून दिलेलं असतं आणि माणसं घरून थेट रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे ऑफिसच्या मशीनचा स्क्रीन दुरून चालवत, सर्व्हरवर येतात. राउटर कोणता घ्यायचा ते नंतर ठरवा, हे पोर्ट आजच बंद करा. उघड्या रिमोट डेस्कटॉपवर पासवर्ड मारत बसणारे बॉट रात्रंदिवस चालू असतात आणि रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. पोर्टचा नंबर बदलला म्हणजे सुटलो असं समजणारेही भेटतात. स्कॅनर सगळेच नंबर तपासतो.

तुलनेला तीन डबे घेतलेत: टीपी-लिंकचा ओमाडा ईआर६०५, मायक्रोटिकचा हेक्स आणि फोर्टिगेट ४०एफ. पहिले दोन चार आकडी रकमेत येतात. तिसऱ्याचे लायसन्ससकट पाच आकडी पैसे जातात आणि पुढे दरवर्षी रिन्यूअल. सिस्कोच्या आरव्ही मालिकेतले जुने राउटर सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. आरव्ही११०डब्ल्यू, आरव्ही१३० आणि आरव्ही२१५डब्ल्यूमधल्या गंभीर त्रुटींसाठी पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येणार नाही, हे कंपनीने २०२२ मध्येच सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये आरव्ही०४२ आणि त्याच्या भावंडांबद्दलही तेच सांगितलं.

आधी फायबरवाल्याला फोन

राउटर बघण्याआधी एक प्रश्न विचारा: आम्हाला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा स्वतःचा पत्ता, मिळतो का? भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर तो मिळत नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये कुठूनही सुरू होत असेल तर तुम्हीही त्यांतलेच. मग बाहेरून ऑफिसपर्यंत कुणी थेट पोहोचूच शकत नाही, डब्यावर व्हीपीएन कितीही ठळक छापलेलं असो. डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) लावूनही फरक पडत नाही, कारण ते नाव ज्या पत्त्यावर नेतं तो मुळात तुमचा नसतो. वर्षाचे थोडे जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी (न बदलणारा पब्लिक पत्ता) घेणं हा सरळ उपाय. हा खर्च राउटरच्या बजेटमध्येच धरा.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट मागा: त्यांचा डबा ब्रिज मोडला (नुसती लाइन पुढे देणाऱ्या) टाकून द्या आणि पीपीपीओईचा (लाइनवर लॉगिन करण्याचा) युजरनेम-पासवर्ड आम्हाला द्या. नाहीतर त्यांचा राउटर आणि त्यामागे आपला राउटर अशी दुहेरी भिंत उभी राहते, आणि व्हीपीएन का जुळत नाही हे शोधण्यात रविवार जातो.

वेगाच्या आकड्यांना फार मान देऊ नका

डब्यांची जाहिरात एमबीपीएसवर चालते, म्हणून आधी आपल्या बोगद्यातून काय जाणार ते बघू. टॅलीचा डेटा फोल्डर व्हीपीएनवरून थेट घरच्या लॅपटॉपवर उघडायचा असेल तर कुठलाच राउटर तुम्हाला वाचवणार नाही. फाइल शेअरिंगमध्ये सतत ये-जा असते. ऑफिसच्या केबलवर ती जाणवत नाही, घरून मात्र प्रत्येक व्हाउचरला वाट बघायला लावते. मध्येच लाइन तुटली तर डेटा रिपेअर करायची वेळ येते ती वेगळीच. म्हणून टॅली ऑफिसातच चालू ठेवायची आणि घरून फक्त तिचा स्क्रीन बघायचा: आधी व्हीपीएन, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप. स्क्रीनला फार बँडविड्थ लागत नाही, त्यामुळे सहा-सात माणसांचा भार या तिघांपैकी कुणालाही पेलतो.

(विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस रिमोटने बसू शकतो. एकाच मशीनवर पाच जणांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्सं लागतात. इंटरनेटवरचे जुगाड पॅच सीएच्या ऑफिसने लावू नयेत, एवढंच म्हणतो. त्यापेक्षा ज्याने त्याने आपापल्या ऑफिसच्या पीसीवर यावं.)

फोर्टिगेट ४०एफच्या माहितीपत्रकात फायरवॉलचा (ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा) वेग ५ जीबीपीएस आहे आणि आयपीसेकचा, म्हणजे व्हीपीएनच्या एका पद्धतीचा, ४.४. त्याच पानावर सगळी तपासणी चालू असतानाचा आकडा ६०० एमबीपीएस आहे. फरक लबाडीचा नाही, मोजायची परिस्थिती वेगळी. पण विकणारा माणूस पहिला आकडा सांगतो आणि तुम्ही वापरणार शेवटचा.

ईआर६०५ आणि हेक्स

खरी निवड या दोघांत आहे.

ईआर६०५ चं बळ म्हणजे त्याची पानं समजतात. वॅन कुठे, व्हीपीएन कुठे, युजर कुठे, हे नेटवर्किंग न शिकलेल्या हार्डवेअरवाल्यालाही सापडतं. पाच गिगाबिट पोर्ट आहेत आणि त्यांतले एकाहून जास्त वॅन म्हणून वापरता येतात. घेताना खोक्यावर व्ही२ किंवा त्यापुढची आवृत्ती आहे ना ते बघा. यूएसबी पोर्ट व्ही२ पासून आला, त्यात फोर-जी डोंगल लावता येतो, आणि वायरगार्ड ही व्हीपीएनची नवी पद्धतही व्ही२ च्या फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) मिळते. कागदावर २० आयपीसेक आणि १६ ओपनव्हीपीएन (आणखी एक पद्धत) जोडण्या आहेत. आपल्या ऑफिसला त्या पुरून उरतात. ओमाडाचे वायफाय पॉइंट आणि स्विच आधीच असतील तर सगळं एकाच कंट्रोलरमधून दिसतं, आणि तो कंट्रोलर पीसीवर फुकट चालतो.

त्रास होतो तो काही बिघडल्यावर. लॉगमध्ये (राउटरच्या नोंदवहीत) फार काही सांगितलेलं नसतं. बोगदा का पडला याचं उत्तर बऱ्याचदा 'रीबूट करून बघा' इतकंच मिळतं.

हेक्स याच्या उलट. लॅटव्हियातल्या कंपनीचा हा छोटासा डबा, पण त्याच्यातली राउटरओएस ही यंत्रणा मोठ्या राउटरवर चालते तीच. पॅकेट कुठून आलं, कोणत्या नियमाला अडलं, सगळं डोळ्यांनी दिसतं. आयपीसेक आहे, सातव्या आवृत्तीपासून वायरगार्ड आहे, लायसन्सचं रिन्यूअल नाही, अपडेट फुकट. जुन्या हेक्सला आयपीसेकसाठी हार्डवेअरची मदत मिळते, वायरगार्डला ती मिळत नाही कारण त्याचं एन्क्रिप्शन वेगळ्या जातीचं आहे. नाशिक-सिन्नरसाठी याने काही अडत नाही. दुकानात जुना आरबी७५०जीआर३ आणि २०२४ मध्ये आलेला नवा ई५०यूजी असे दोन्ही 'हेक्स' म्हणूनच दाखवले जातात. नवा मागा: त्यात रॅम दुप्पट, म्हणजे ५१२ एमबी, आणि प्रोसेसर एआरएम जातीचा असल्यामुळे 'बॅक टू होम' ही सोय चालते. पब्लिक आयपी नसेल तेव्हा ही सोय मायक्रोटिकच्या रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) वायरगार्डची वाट काढून देते.

पण मायक्रोटिकची सेटिंग्ज म्हणजे उघडी वायरिंग आहे. ज्याला येतं त्याच्या हातात सोनं, आणि ज्याला येत नाही तो फायरवॉलचा एक नियम पुसून दार सताड उघडं ठेवतो. डब्याला त्याचं काही वाटत नाही, तो मुकाट्याने चालत राहतो.

२०१८ मध्ये विनबॉक्स या मायक्रोटिकची सेटिंग्ज बदलण्याच्या सोयीत एक भगदाड सापडलं. कंपनीने एप्रिलमध्येच पॅच दिला. तरी त्याच वर्षी जगभरचे लाखो मायक्रोटिक राउटर क्रिप्टो-मायनिंगवाल्यांनी ताब्यात घेतले, कारण पॅच लावलेलाच नव्हता. २०२१ मध्ये मेरिस नावाचं बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) गाजलं, तेव्हा कंपनीचं म्हणणं होतं की हे २०१८ मध्येच फुटलेले राउटर आहेत. बाकीचे दोघेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ओमाडा गेटवेंसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये गंभीर त्रुटींचे पॅच आले आणि त्या यादीत ईआर६०५ होता. फोर्टिगेटच्या एसएसएल व्हीपीएन या पद्धतीमध्ये डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेली भोकं तर हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरली.

म्हणून माझ्या लेखी निवडीचा पहिला निकष एकच: हा डबा पुढची पाच वर्षं कोण अपडेट करणार? त्या माणसाला जो डबा येतो तो घ्या. एएमसीवाला (वर्षाच्या करारावर देखभाल करणारा) मायक्रोटिक जाणणारा असेल तर हेक्स, डोळे मिटून. महिन्यातून एकदा येऊन प्रिंटर बघणाराच राउटरही बघणार असेल तर ईआर६०५. राउटरओएस जास्त चांगली आहे म्हणून तिच्या गळ्यात पडू नका.

फोर्टिगेट कधी?

क्लायंट मागतो तेव्हा. मोठ्या कंपनीचं किंवा बँकेचं ऑडिट मिळतं, त्यांची सुरक्षेची प्रश्नावली येते आणि त्यात घुसखोरी रोखणं, वेब फिल्टर, दुहेरी ओळख (पासवर्डशिवाय दुसरा पुरावाही मागणं) असं सगळं विचारलेलं असतं. हेक्सवर यातलं काही जमवता येईल, पण प्रश्नावलीत लिहायला फोर्टिगेट सोपं. प्रत्येक डब्यासोबत फोर्टिटोकन मोबाइल या ओळखीचे कोड देणाऱ्या ॲपची दोन टोकनं फुकट येतात. बाकीच्यांची विकत घ्यावी लागतात.

कोटेशन हातात आलं की दोन गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षीचं रिन्यूअल किती, हे लेखी घ्या, कारण सपोर्ट संपला की नवं फर्मवेअरही थांबतं आणि महाग डबा म्हातारा होतो. दुसरी गोष्ट, व्हीपीएन कोणत्या पद्धतीने लावणार? एसएसएल व्हीपीएन म्हणाला तर थांबवा. फोर्टिओएस (फोर्टिगेटची यंत्रणा) ७.६ मध्ये २ जीबी रॅमच्या मॉडेलांवरून ते काढून टाकलं, त्यांत ४०एफ आला, आणि ७.६.३ पासून त्याचा टनेल मोड सगळ्याच मॉडेलांवरून गेला. आयपीसेकच लावून घ्या.

पद्धतीचं थोडं

पीपीटीपी ही जुनी पद्धत तिन्हीकडे दिसली तरी हात लावू नका. त्याची ओळख-तपासणी २०१२ मध्येच फोडून दाखवली गेली आहे. एल२टीपी जुन्या विंडोजवर सोपं पडायचं, पण अँड्रॉइड १२ पासून फोनवर ते नव्याने जोडता येत नाही. नाशिक-सिन्नर या दोन डब्यांमध्ये आयपीसेक किंवा वायरगार्ड. घरून येणाऱ्या माणसांना वायरगार्ड (फोर्टिगेटवर आयपीसेकच): फोनवर क्यूआर कोड दाखवला की काम झालं. मात्र त्याच्यात युजरनेम-पासवर्ड नाही, फक्त किल्ली. लॅपटॉप हरवला किंवा आर्टिकलशिप संपली की त्या माणसाची किल्ली राउटरमधून काढायची, आणि त्यासाठी कोणती किल्ली कोणाची याची वही हवी. पाच जणांना एकच किल्ली वाटणाऱ्याला ही वही ठेवताच येणार नाही.

नाशिक आणि सिन्नर दोन्हीकडे १९२.१६८.१ असेच पत्ते असतील तर बोगदा जुळूनही काही सापडणार नाही. घरच्या राउटरवरही बहुधा हेच पत्ते असतात. म्हणून ऑफिसला १०.२७.१, शाखेला १०.२७.२ असं काहीतरी आडवळणी द्या, आणि हे राउटर बसवतानाच करा. नंतर प्रिंटरपासून बायोमेट्रिकपर्यंत सगळ्यांचे पत्ते बदलत बसावं लागतं.

दोन लाइन घेतल्या असतील तर तिन्हीकडे लोड बॅलन्सिंगचा (दोन्ही लाइन एकदम वापरण्याचा) मोह होतो. बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवर काम चालू असताना आयपी बदलला तर सेशन तुटू शकतं. दुसरी लाइन फक्त पहिली पडल्यावर चालू होईल अशी ठेवा. फोर-जी डोंगलवर तर पब्लिक आयपी बहुधा नसतोच, त्यामुळे मुख्य लाइन गेली की ऑफिसचं इंटरनेट चालेल पण घरून आत येणाऱ्यांना दार बंद.

चौथा पर्याय: राउटर न घेणं

पब्लिक आयपी मिळतच नसेल, शाखा नसेल आणि घरून येणारी माणसं तीन-चारच असतील, तर टेलस्केलसारखी सेवा पुरते. आतून वायरगार्डच, पण वाट काढण्याचं काम त्यांचे सर्व्हर करतात. लॉगिन गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने होतं, म्हणजे त्या खात्याची दुहेरी ओळख आयती मिळते. बदल्यात आपल्या दाराचा पहारेकरी बाहेरच्या कंपनीचा होतो. काहींना ते पटत नाही. मला छोट्या ऑफिससाठी चालतं. ३३८९ उघडं ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

'भारतात व्हीपीएनला नोंदणी लागते ना?' हा प्रश्न हमखास येतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश ग्राहकांना व्हीपीएन विकणाऱ्यांनी पाच वर्षं नोंदी ठेवाव्यात असं सांगतात. कंपनीचं स्वतःच्या माणसांसाठीचं व्हीपीएन त्या अटीत येत नाही, हे त्यांनीच नंतरच्या खुलाशात म्हटलं आहे. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवण्याचाही मुद्दा आहे. ४०एफमध्ये डिस्क नाही आणि बाकी दोघांची मेमरीही अपुरी, त्यामुळे घेतलेला डबा कोणताही असो, त्याचे लॉग सिसलॉगने ऑफिसातल्या पीसीवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) पाठवायची सोय बसवणाऱ्याकडून त्याच दिवशी करून घ्या.

आणि वीज. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत, एकटा राउटर चालू राहून उपयोग नाही. मिनी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. मायक्रोटिकसोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो पण तो १२ वरही चालतो. बाकीच्यांना जे छापलंय तेच द्या.